झाकणाच्या आतल्या तारखा

मित्रांनो, मी एक जुनं, चावी द्यायचं मनगटी घड्याळ आहे. माझा कारखाना कुठला, हे तुम्ही विचारणार नाही आणि मलाही आता त्याचं काही वाटत नाही.

भिवा मला हातात घालून जालना एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये कामाला जायचा. तिथली बारीक धूळ माझ्या पोटात जायची आणि मी बंद पडायचो. मग तो मला मंठ्याला लालमियाँच्या दुकानात आणायचा. दुरुस्ती झाली की लालमियाँ माझ्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख कोरायचे. जुने घड्याळवाले असंच करत. माझ्या झाकणात अशा अकरा तारखा होत्या.

त्यातली एक भिवाच्या मुलीच्या, प्रीतीच्या जन्मदिवसाची होती. ती सहा वर्षांची असताना लालमियाँनी तिच्या डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "देख बेटा, तू आल्तीस ना, तो दिवस बराबर लिहून ठिवलाय." त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

बाराव्यांदा भिवा मला दुकानात ठेवून गेला तो परत आलाच नाही. तो वारला, असं कुणीतरी लालमियाँना सांगितलं, पण त्याच्या घरचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. घरच्यांना वाटलं, घड्याळ मिलमध्येच हरवलं. मी नावाची चिठ्ठी बांधलेल्या अवस्थेत चौदा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतो. आधी वाट पाहिली. नंतर तीही पाहिली नाही.

लालमियाँ गेले. त्यांच्या मुलानं, हारुननं, पडून राहिलेल्या घड्याळांचा जालन्यात लिलाव ठेवला. हारुन वाईट नाही. माल चमकला पाहिजे म्हणून त्यानं चिठ्ठ्या काढून टाकल्या, आमच्या तबकड्या रंगवून घेतल्या आणि आतून-बाहेरून पॉलिश मारलं.

लिलावाच्या सकाळी टेबलावर एकसारखी तीन घड्याळं होती. मी मधलं. लालमियाँचं नाव ऐकून प्रीतीही आली होती; आता ती शाळेत शिकवते. जुनी घड्याळं जमवणारा कल्याण भिंगातून आम्हाला पाहून तिला म्हणाला, "ताई, तिन्हीच्या तबकड्या रंगवलेल्या हायेत. ओरिजिनल न्हाईत."

"मला तसलं ओरिजिनल नकोय," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं पाहिजे. त्यांचं दुसरं काहीच न्हाई माझ्याकडं. झाकणं उघडा."

हारुननं तिन्ही उघडली. तिन्ही आतून लख्ख होती.

"आत तारखा होत्या," ती म्हणाली.

"त्या व्हय? अब्बा खरवडून ठिवायचे. खराब दिसू राह्यलं म्हणून मीच घासून..." हारुननं हातातलं झाकण टेबलावर ठेवलं.

तिनं एकेक घड्याळ कानाला लावलं. आम्ही तिघंही एकसारखी टिकटिकत होतो. मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग तिला तिसऱ्या घड्याळाच्या कडेला एक ओरखडा दिसला. "इथंच होता," ती म्हणाली, "बाबांच्या घड्याळाला इथंच ओरखडा होता."

तिचं बरोबर होतं. तसाच ओरखडा मलाही होता. पॉलिशमध्ये तो निघून गेला. तिनं बोली लावली, तिसरं घड्याळ हातात घातलं आणि भरल्या डोळ्यांनी निघून गेली. मला कल्याणनं सुट्या भागांसाठी घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं घड्याळ असेल तर त्याला रोज चावी द्या. कधी उघडलंत आणि आत कुणी काही खरवडलेलं दिसलं, तर ते तेवढं घासू नका.