दोन चौकटींचे मधयंत्र

मी मध काढायचे, हाताने फिरवायचे एक लहानसे यंत्र आहे. मित्रांनो, बाहेरून मी तुम्हाला पत्र्याची टाकी वाटेन. आत डोकावलात तर जाळीचा पिंजरा दिसेल. त्यात मधाने भरलेल्या पोळ्याच्या दोन लाकडी चौकटी समोरासमोर उभ्या राहतात. दांडा फिरवला की पिंजरा गरगर फिरतो, मध उडून माझ्या भिंतीवर आपटतो आणि ओघळत तोटीकडे जातो. पोळे मात्र शाबूत राहते. माश्या तेच पुन्हा भरतात.

माझा जन्म १९८६ साली जालन्यात, वसंता पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. बदनापूरजवळच्या एका गावातल्या चतुराबाई आणि त्यांचे दीर रामराव तिथे आले होते. दोघांनी नुकत्याच शेतात मधमाश्यांच्या दोन-दोन पेट्या ठेवल्या होत्या. माझ्या शेजारी आठ चौकटींचे भलेमोठे यंत्र उभे होते.

रामराव त्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, मी तर हेच घेतो. उद्या पेट्या वाढल्या तं?"

"वाढल्यावर बघता येईल, भाऊजी," चतुराबाई म्हणाल्या. "आज दोन पेट्यांतून एवढ्या पिकल्या चौकटी निघतेत का? थोडा मध असला तं भिंतीलाच चिकटून जाईल."

त्यांनी मला घेतले आणि रामरावांनी मोठे घेतले.

करडई फुलली. चतुराबाई एकेक चौकट उन्हात धरून बघत. मेणाची झाकणे लागलेली असली तरच ती, झाकणे सुरीने कापून, माझ्यात येई, उघडी असली की परत पेटीत जाई. इतकी भरलेली चौकट परत का जाते, याचे मला मोठे कुतूहल वाटे. झाकण नसलेला मध कच्चा, पाणीदार असतो, हे मला पुढे कळले.

रामरावांना मोठे यंत्र अर्धे रिकामे फिरवणे जिवावर येई. ते भरावे म्हणून त्यांनी कच्च्या चौकटीही काढल्या. त्यांच्या मधावर फेस आला आणि तो आंबला. मग उन्हाळा लागला, फुले संपली.

एका दुपारी रामराव आले आणि दारातच उभे राहिले. "वहिनी, एका पेटीतल्या माश्या निघून गेल्या. दुसरीतल्या बी उपाशी मरून राह्यल्या. त्यांच्यासाठी मी काहीच ठेवलं न्हाई."

चतुराबाईंनी आपल्या पेटीतून झाकण लागलेली एक जड चौकट काढली. मला धुऊन तयार ठेवले होते. पण त्या माझ्याजवळून पुढे गेल्या.

"ही यंत्रात न्हाई घालायची?" रामरावांनी विचारले.

"न्हाई. ही तुमच्या माश्यांना द्या, जल्दी."

त्या दिवशी मी रिकामाच राहिलो, आणि त्याचे मला बिलकुल वाईट वाटले नाही. रामराव ती चौकट घालून आपल्या पेटीसमोर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत माश्यांनी मेणाची झाकणे कुरतडली होती. ती पेटी जगली.

पुढे गावाजवळ बियाण्यासाठी सूर्यफूल लावू लागले. परागीभवनासाठी पेट्या वाढत गेल्या, तसे रामरावांचे मोठे यंत्र साऱ्या गावाला उपयोगी पडले. आता मीच अपुरा पडू लागलो. चतुराबाईंनी मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. माझ्या दांड्याच्या दातेरी चाकांवर धूळ बसली.

२००३ साली शेजारच्या गावातल्या गिरिजाबाई मोठे यंत्र मागायला आल्या.

"तुमच्या पेट्या किती?" रामरावांनी विचारले.

"एकच हाये."

रामरावांनी वहिनींना विचारून त्यांच्या माळ्याला स्वतः शिडी लावली. मला खाली उतरवून कोमट पाण्याने धुतले, वाळवले आणि गिरिजाबाईंच्या हाती दिले.

आता मी त्यांच्या पडवीत आहे. परवा त्यांची एकच चौकट पिकली होती. एकाच बाजूला वजन आले तर माझा पिंजरा डगमगतो, म्हणून त्यांनी ती परत पेटीत ठेवली. मित्रांनो, यंत्र घ्यायच्या आधी आपल्या पेटीत नीट बघा. काम झाल्यावर आम्हाला धुऊन, कोरडे करून झाका. आणि घाई करू नका. मीही दुसरी चौकट पिकायची वाट बघतो आहे. या वेळचा मध कडुनिंबाचा असेल की शेवग्याचा, हे मला अजून ठाऊक नाही.