पासष्ट फुटांचं कुंपण

सोमवारी सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत नंदकुमारने मागच्या अंगणातल्या दोरीवरचा बनियन ओढून अंगात घातला आणि दुसऱ्याच क्षणी तो घरभर नाचू लागला. बनियनमध्ये सुरवंट होता. शेजारच्या मधुकररावांच्या शेवग्यावरचा, केसाळ, बोटभर लांब.

स्मिताने जुन्या घोंगडीचा तुकडा आणून, सुरवंटाचे केस निघावेत म्हणून, त्याची पाठ पुसली, वर खोबरेल चोपडलं. पण नंदकुमारच्या पाठीपेक्षा डोकं जास्त तापलं होतं. तो तसाच उघडा मागच्या दाराने बाहेर गेला. पलीकडे मधुकरराव आरसा खिडकीला टेकवून दाढी करत होते.

"मधुकरराव, हे झाड आता तोडा. नाहीतर निदान फांद्या तरी छाटा!"

"थंडी पडली की जातात हो सुरवंट. दरवर्षीचंच आहे."

"म्हणून दरवर्षी मीच खाजवत बसायचं?"

मधुकररावांनाही ऑफिस होतं, आणि अर्ध्या गालावर साबण वाळत होता. ते म्हणून गेले, "झाड माझ्या हद्दीत आहे, नंदकुमार. तुम्ही दोरी सरकवा."

हद्द! नेरूळच्या त्या रो-हाउसांमध्ये राहायला येऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. या दहा वर्षांत दोन्ही घरांत हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता.

शहाऐंशी साली ते आले तेव्हा तिथे होतं काय? रस्त्यांना नावं नव्हती, दिवे नव्हते, नळाला पाणी आलं तर सण. टँकरचा भोंगा वाजला की ज्या घरात माणूस असेल त्याने दोन्ही घरांची पिंपं भरून घ्यायची, असा न बोलता ठरलेला कायदा होता. सिलिंडर संपलं की अर्धं शिजलेलं भाताचं पातेलं मागच्या अंगणातून सरळ शेजारच्या शेगडीवर जायचं. दोन अंगणांच्या मध्ये काहीच नव्हतं. होता तो हा शेवगा. मधुकररावांच्या बायकोने, सुनीतीने लावलेला, पण त्याच्या शेंगा स्मिताच्या आमटीतही तितक्याच पडायच्या.

"दाखवतोच आता हद्द," नंदकुमार घरात येऊन म्हणाला. "कुंपण घालतो. लोखंडाचं नाही, अ‍ॅल्युमिनियमचं!"

लोखंडाचा अनुभव त्याने घेतला होता. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने पुढचं फाटक तीन वर्षांत चाळणी होऊन गेलं होतं. या खेपेला त्याला न गंजणारं काहीतरी हवं होतं. भांडण सहसा दोन दिवसांत मिटतं. पण याला तर जन्मभर टिकणारं कुंपण हवं झालं!

आणि मग सुरू झाला खर्चाचा अंदाज.

पहिला माणूस वाशीहून आला. गळ्यात टाय, हातात छापील कागद. नंदकुमारने त्याला झाडाच्या पलीकडून माप घ्यायला लावलं, म्हणजे झाड आपल्याकडे. "बासष्ट फूट. तीनशे रुपये रनिंग फूट. खांब, मजुरी, ट्रान्सपोर्ट वेगळं," असं सांगून तो चहा पिऊन गेला. दुसरा कळंबोलीच्या लोखंड बाजारातला. त्याला मुळात अ‍ॅल्युमिनियमच मान्य नव्हतं. "साहेब, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे घरातली पातेली. कुंपणाला कोण वापरतं? आपला लोखंडी अँगल घ्या, वर रंग मारा, टेन्शन खलास." शेवटी तोंड वाकडं करत त्याने झाडाच्या अलीकडून माप घेतलं, मुळं खणायला नकोत म्हणून. अठ्ठावन्न फूट भरलं. त्या दिवशी संध्याकाळी नंदकुमारने स्वतः टेप धरली तर पासष्ट झालं. कारण मागे सामाईक गटाराच्या कडेच्या गल्लीतली दोन हात जागा त्याने हळूच आत घेतली होती.

"ती गल्ली सगळ्यांची आहे ना?" स्मिताने विचारलं.

"कोण वापरतं? पलीकडच्या रांगेत सगळ्यांनी आत घेतली आहे. आपणच काय घोडं मारलंय?"

हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो, आणि खरं सांगायचं तर किती वेळा स्वतःही बोलतो! सगळ्यांनी केलंय. जणू सगळ्यांनी केलं की चुकीचं ते बरोबर होतं.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. स्मिता शाळेत शिकवायची. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला बसली की त्या गठ्ठ्यावर नंदकुमार आपले कागद पसरायचा. "हे बघ, पट्टीचं गेज, म्हणजे जाडी, कमी घेतलं तर दोन हजार वाचतात. पण मग वाकेल का गं?" जेवताना गेज, चहाला गेज. वैतागून तिने एकदा एका मुलाच्या उत्तराखाली गुणांच्या जागी बासष्ट लिहिलं. पेपर पन्नास मार्कांचा होता.

"अहो, एक विचारू? आतापर्यंत तीन मापं झाली, तीन वेगळी. जमीन काय लांबआखूड होते?"

"मोजणाऱ्यांना अक्कल नाही."

"मोजणाऱ्यांना तुम्ही दरवेळी वेगळी जागा दाखवता," ती म्हणाली. पण नंदकुमार खोडरबर शोधत होता.

तिला खरं दुःख निराळंच होतं. महिन्याभरात सुनीती एकदाही मागच्या दाराशी आली नव्हती. एक दिवस दोघी एकाच वेळी कपडे वाळत घालायला बाहेर आल्या. स्मिता हसणार तेवढ्यात सुनीतीने मान खाली घालून चिमटे मोजायला सुरुवात केली. सुनीतीचं घर दहा पावलांवर होतं, आणि तिथे जायला आता पुढच्या दाराने, चपला घालून, बेल वाजवून जावं लागणार होतं. कुंपण उभं राहण्याआधीच उभं राहिलं होतं.

ऑफिसातल्या कुणीतरी नाव सुचवलं म्हणून रविवारी सकाळी तिसरा कारागीर आला. प्रीतम, जवळच्याच गावातला, तिशीचा, कमरेला पेजर. त्याच्याबरोबर त्याचे वडील गोटीराम होते, टोपी घातलेले, सत्तरीच्या पुढचे. "बाबांना घरात करमत नाय," प्रीतम हसून म्हणाला. म्हातारबुवा मागच्या अंगणात आले, डोळ्यांवर हात धरून आधी लांबच्या चिंचेकडे बघितलं, मग गटाराच्या कोपऱ्याकडे, आणि शेवटी पायाखाली.

प्रीतमने टेप काढली. "कुठून धरू साहेब?"

"झाडाच्या पलीकडून. आणि मागे गटारापर्यंत."

"नकाशात हाय तसं का?"

"नकाशाचं काय एवढं? कुंपण मला घालायचंय."

"टेप ठेव, प्रीतम," गोटीराम म्हणाले. ते न्हाणीच्या कट्ट्यावर बसले. मागच्या अंगणातली ही छोटी न्हाणी नंदकुमारने आपल्या आईसाठी, माईंसाठी बांधली होती. "बाय, थोडं पानी दे."

स्मिताने तांब्या-भांडं आणलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "साहेब, ही चिंच आन् त्यो नाल्याचा कोपरा, सरळ रेघ धरा. ती रेघ म्हंजे आमचा बांध. बांधाच्या या अंगाला माजं शेत, त्या अंगाला माज्या भावाचं, हौसेरावाचं. तुमचं घर हाय ना, त्या बांधावर हाय."

नंदकुमारने चिंचेकडे बघितलं. "असं? मला कल्पना नव्हती."

"कुनी इचारलं तर कलपना येनार," म्हातारबुवा सहज म्हणाले, पण स्मिताला ते लागलं. दहा वर्षं या जमिनीवर ती रोज सडा घालत होती. हे शेत कुणाचं होतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"हौसेरावानं बांध हातभर कोरला, असा माजा वहीम. मंग मी पन त्याच्या अंगाला कोरला. चौदा वर्सं पनवेलच्या कोर्टात गेलो. तारखेला दोगं एकाच एसटीत, पन एक पुढं आन् एक मागं. त्याच्या लेकीच्या हळदीला आमी गेलो नाय. माजी आई मेली तवा त्यानं खांदा दिला, पन माज्या अंगनात पाय ठेवला नाय."

"मग निकाल कुणाच्या बाजूने लागला?" नंदकुमारने विचारलं. त्याचा सगळा जीव त्या उत्तरात होता.

गोटीराम हसले. "सरकारची नोटीस आली. नवं शहर वसवाया सगळी जमीन गेली. माजी, त्याची, बांधासकट. मोजनीवाल्यानं बांधावरून आडवी साखळी टाकली, साहेब. एका शब्दानं नाय इचारलं, बांध कुनाचा. आमी दोगं दोन बाजूला उभं. तवाबी बोललो नाय. दुसऱ्या वर्साला हौसेराव गेला. हातभर मातीसाठी भाऊ घालवला, आन् माती बी ऱ्हायली नाय."

शेवग्यावरून एक सुरवंट टपकन कट्ट्यावर पडला. म्हातारबुवांनी तो वाळक्या पानावर घेऊन झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

"कुंपन घाला. घालू नका असं मी सांगत नाय. पन आदी सरकारचा दगड काढा. हद्दीचे दगड पुरलेत सगळीकडं. दगड दिसल्याबिगर माजा प्रीतम कामाला हात नाय लावनार."

"बरोबर आहे!" नंदकुमारला उलट हुरूप आला. "निघू दे दगड. एकदा होऊनच जाऊ दे!" त्याने कपाटातून नकाशा आणला. प्रीतमने घराच्या कोपऱ्यापासून सुतळी ताणली. सुतळी शेवग्याच्या जवळही गेली नाही! ती झाडाच्या तीन हात अलीकडून निघाली आणि माईंच्या न्हाणीवरून गेली.

"काहीतरी चुकतंय. परत धरा."

परत धरली. तिसऱ्यांदाही धरली. सुतळी न्हाणीवर चढत होती तिथे, भिंतीलगत प्रीतमने पहार घातली. वीतभर खालीच ठणकन आवाज आला. माती बाजूला केली, तर चौकोनी दगड. दगडावरून जाणाऱ्या सुतळीच्या पलीकडे न्हाणीचा दोन वीत भाग होता. म्हणजे न्हाणी मधुकररावांच्या जागेत होती!

नंदकुमारने नकाशा उलटसुलट करून पाहिला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. खणण्याच्या आवाजाने मधुकरराव आणि सुनीती मागच्या दारात आले होते. स्मिताला राहवलं नाही.

"भावजी, तुम्हाला हे माहीत होतं?"

मधुकरराव चष्मा पुसू लागले. उत्तर सुनीतीने दिलं, महिन्याभरात पहिल्यांदा.

"तुम्ही यायच्या आधीपासून माहीत आहे. आम्ही दोन महिने आधी राहायला आलो, तेव्हा हा दगड उघडाच होता. तुमचा गवंडी आला तेव्हा मी म्हटलं यांना, अहो, सांगा त्यांना, आपल्यात येतंय. तर हे म्हणाले, म्हातारीला आतली पायरी चढवत नाही, इथे ऊन येतं, अंघोळीला बरं पडेल. दोन वीत जागेत आपण काय राजवाडा बांधणार आहोत?"

"मधुकरराव!" नंदकुमार म्हणाला. "दहा वर्षं! आणि त्या सकाळी मी... तुम्ही तेव्हाच तोंडावर का नाही फेकलंत माझ्या?"

"त्या सकाळी बोललोच की मी. हद्द म्हणालो," मधुकरराव म्हणाले. "म्हणालो आणि त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. माई मला मधू म्हणायच्या हो. कट्ट्यावर बसून हाक मारायच्या, मधू, चहा झाला का रे?"

नंदकुमार त्याच कट्ट्यावर बसला. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिने शेवटची कोवळी उन्हं ज्या जागेवर घेतली, ती जागा शेजाऱ्याने न बोलता दिली होती. आणि आपण त्याच शेजाऱ्याच्या झाडाच्या पलीकडून टेप धरत होतो! "मी ही न्हाणी आजच पाडतो," तो म्हणाला.

"हात तर लावून बघा!" सुनीती कडाडली, आणि मग तीच डोळे पुसू लागली.

"पाडू नका," गोटीराम म्हणाले, "पन कागद करा. न्हानी यांच्या जागेत हाय, यांच्या मर्जीनं हाय, असं लिवून सही करून द्या. तुमी दोगं चांगली मानसं. पन तुमची पोरं उद्या टेप काढतील. त्यांना कोन सांगनार, मधू कोन आन् माई कोन?"

नंदकुमारने बासष्ट फुटांच्या छापील अंदाजाच्या पाठीवर तिथल्या तिथे लिहिलं, सही केली. मधुकरराव नको नको म्हणत होते. पण गोटीरामांनी डोळे वटारल्यावर त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग मात्र ते म्हणाले, "उद्याच फांद्या छाटतो. तुमची पाठ म्हणजे काय पाठ नाही?"

"आता माझं काय साहेब?" प्रीतमने टेप गुंडाळत विचारलं. "आख्खा रविवार गेला. काम हाय का नाय?"

"आहे," स्मिता म्हणाली. "कपड्यांच्या दोरीवर छप्पर हवं. अ‍ॅल्युमिनियमचंच. सुरवंट कपड्यांवर पडायला नकोत, एवढंच तर काम होतं पहिल्यापासून."

प्रीतमने माप घेतलं. सात फूट. आणि या खेपेला कुणीही, कुठूनही मोजलं तरी सातच भरलं.

गटाराच्या कडेची गल्ली मोकळीच राहिली. पुढे पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी आत घेतलेली जागा नंदकुमारने स्वतः जाऊन, हात जोडून, सोडायला लावली. तिसऱ्याने नाही सोडली. सगळे लगेच सुधारतात असं नाही.

वाचकहो, आपली हद्द कुठे संपते हे माणसाला नक्की माहीत असावं, ते कागदावर स्वच्छ लिहिलेलं असावं आणि दुसऱ्याची किंवा सगळ्यांची वीतभर जागाही आपण लाटू नये. पण टेप हातात घेण्याआधी, आपण आज उभे आहोत ती जागा कुणाकुणाच्या न बोललेल्या उपकारावर आहे, याचीही चौकशी करावी. ती केली असती, तर नंदकुमारचा महिना वाचला असता, आणि गोटीरामांचा भाऊ.

त्या रविवारी जाताना गोटीराम दगडापाशी वाकले. त्यांनी त्यावरची माती हाताने पुसली आणि तोच हात कपाळाला लावला. सुनीतीने त्यांच्या पिशवीत शेंगांची जुडी घातली. दुसरी जुडी तिने स्मिताच्या हातात दिली. मागच्या दारानेच येऊन.