सुराबायाच्या वाटेवरचा फुकटचा तास

"आठशे किलोमीटर! फक्त दीड तास!" चेनिंगने आंबोंना, म्हणजे तिच्या वडिलांना, सकाळपासून इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते वैतागले. "कळलं गं बाई! विमान काय तू उडवणारेस?"

मकास्सर ते सुराबाया त्यांनी कायम बोटीनेच केलेलं. एक दिवस, एक रात्र, डेकवर चटया टाकून. भर समुद्रात कधीतरी भोंगा बोलायचा, घड्याळं एक तास मागे घ्या! की इंदो, चेनिंगची आई, टुणकन उठून बसायची. "आला बघा फुकटचा तास! हा कुणाच्या हिशेबात नाही," म्हणत बुराशाच्या केळीच्या पानातल्या पुड्या सोडायची. नारळाच्या दुधात शिजलेला तो मऊ भात, सोबत झणझणीत मासा, आणि गप्पांना नुसता ऊत. त्या तासात आंबोसुद्धा गायचे, तेही बेसूर!

इंदोला जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून आंबोंनी तिचं नाव काढलं नव्हतं. बोट तर नकोच म्हणाले. म्हणून मात्तोलाच्या, तिच्या दाएंगच्या म्हणजे थोरल्या भावाच्या, बाळाला बघायला दोघं पहिल्यांदाच विमानाने निघाली होती. बुरासा चेनिंगने केला होता, आयुष्यात पहिल्यांदा, एकटीने. त्या तासात आंबोंनी तो खावा आणि इंदोबद्दल एक शब्द तरी बोलावा, एवढंच तिला हवं होतं.

विमान ढगांवर गेलं तशी ती घोषणेसाठी कान टवकारून बसली. पट्टे झाले, हवामान झालं. घड्याळाचा विषय कुणी काढेना. सरबताचा पेला संपतो न संपतो तोच चाकं टेकलीसुद्धा! लोक बॅगा ओढायला उठले, आणि त्या गलक्यात कुणीतरी पुटपुटलं की इथली वेळ एक तास मागे आहे.

"आत्ता सांगतात!" चेनिंगने मांडीवरचा बुराशाचा डबा घट्ट धरला. "आपला तास वरच राहिला, आंबो."

आंबो तिला घेऊन खाली उतरले. सामानाच्या पट्ट्यापाशी एका बाकावर टेकले. मनगटावरचं घड्याळ काढलं, काटा सावकाश मागे फिरवला. मग हात पुढे केला. "आण तो डबा."

"इथे? दाएंग बाहेर ताटकळलाय!"

"ताटकळू दे. तो इथलाच. त्याला कुठला मिळायला हा तास?"

त्यांनी पुडी सोडली, घास घेतला. चेनिंगचा जीव टांगणीला.

"मीठ नाही," आंबो म्हणाले.

"अय्या!"

"तुझ्या इंदोचा पहिला बुरासासुद्धा असाच अळणी. लग्नानंतरची पहिलीच बोट. आता ह्याचं करायचं काय? तर पठ्ठीने अख्ख्या डेकवर वाटून टाकला, आमच्याकडे असाच करतात म्हणून! एका म्हाताऱ्याने तर वर कृती विचारली..." आंबो हसू लागले, हसता हसता डोळे पुसू लागले.

त्यांची बॅग पट्ट्यावरून समोरून गेली. कुणी उठलं नाही.

"मग?" चेनिंग त्यांना खेटून बसली. "सांगितली तिने कृती?"