छताखाली अडलेला वारा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका बंद लोखंडी पेटीत उभे आहात. तुमच्या पायाखाली बोटाच्या पेराएवढी चूल आहे. दिसायला इवलीशी, पण बोट लावाल तर फोड येईल अशी. तिची धग उचलायची, वर न्यायची आणि हवेच्या हवाली करायची, एवढंच तुमचं काम. तुम्ही थकलात की पेटीतलं सगळं बंद.

ही कल्पना तुमच्यासाठी आहे. माझं तर ते रोजचं जगणं आहे. मी एक जुना कूलर आहे, संगणकाच्या प्रोसेसरला हवेने थंड ठेवणारा. तैवानमधल्या एका कारखान्यात तांब्याच्या नळ्या वाकवून, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या ओवून आणि समोर एक पंखा लावून मला घडवलं. तिथून मी ताइचुंग शहरात आहुंग नावाच्या दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात आलो. काही वर्षं त्याने माझं फार कौतुक केलं. पुढे पाण्याने थंड करणारे संच आले. त्यांत पंप, नळ्या आणि रंगीत दिवे. मग मी काउंटरखालच्या खोक्यात गेलो. माझ्या पात्यांमध्ये धूळ बसली. ती कुणी काढली नाही.

त्या खोक्यातून मला आहुंगच्या भाचीने काढलं. रुइलिन तिचं नाव, वय तेरा. तिला ओव्हरक्लॉकिंगचं वेड होतं. म्हणजे प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. जास्त पळाला की तो जास्त तापतो, आणि फार तापला की स्वतःला वाचवायला संगणक बंद करतो. तसं होऊ द्यायचं नाही, हे माझं काम.

शनिवारी दुपारी संगणकबाजाराच्या सभागृहात शाळांची स्पर्धा होती. वाढवलेल्या वेगावर यंत्र तासभर न थांबता चालायला हवं. मध्येच बंद पडलं, तर संघ बाहेर. रुइलिनच्या तिघींच्या संघाचं यंत्र तिचं होतं. तिच्या मैत्रिणीने, शाओथिंगने, आदल्या दिवशीच ऐकवलं होतं, "तुझं मशीन झोपलं तर आम्ही दोघी काय, उभ्या उभ्या टाळ्या वाजवायच्या?"

इतके दिवस सरावात मी तो तास नीट काढत होतो. पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी शेवटची चाचणी लावली आणि माझा जीव घाबरा झाला. मी उष्णता वर नेत होतो, पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, तरी गरम हवा पुन्हा माझ्याच अंगावर येत होती. पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढत गेला. मग सगळं काळं झालं. रुइलिनने पुन्हा चालू केलं. पुन्हा काळं झालं.

आहुंग मामा खाली बहिणीच्या, म्हणजे रुइलिनच्या आईच्या, न्याहारीच्या दुकानात अंड्याची पोळी खात बसला होता. तो वर खोलीत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हातारा दमला. मी कधीपासून सांगतोय, पाणी लाव."

त्याने मला सोडवलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्या जागी पाण्याचा संच बसवला. पाणी उष्णता शोषून नळीतून रेडिएटरकडे नेतं, आणि रेडिएटर पेटीच्या छताच्या जाळीखाली बसतो. मित्रांनो, यात एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्यालाही ती उष्णता शेवटी हवेलाच द्यावी लागते.

सुरुवातीला आकडा खाली राहिला. मामाने हात झटकले. मी टेबलावरून पाहत होतो आणि मला खोक्याचा अंधार दिसत होता. पण पाणी हळूहळू तापलं. आकडा सरकू लागला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सगळं काळं.

मामाचा चेहरा उतरला. आता प्रोसेसरच बिघडला असणार, असं तो पुटपुटू लागला. रुइलिनने मात्र ते मानलं नाही. वारा कुठून बाहेर येतो ते बघायला तिने पेटीभोवती हात फिरवला. मागची जाळी नेहमीसारखी भिंतीला टेकलेली होती, तिथून वारा येत नव्हता. छतावर हात नेला आणि तो एका फुगीर पाकिटावर थांबला.

तिथल्या लोकांची ही रीत आहे. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. हिरवंच हवं, मुदत संपलेलं चालत नाही, आणि ठेवलं की कुणी हलवायचं नाही. रुइलिनचं पाकीट छोटं होतं, ते पडद्याशेजारी असे. स्पर्धा आहे म्हणून मामाने आदल्या रात्री सगळ्यांत मोठं आणलं आणि थेट पेटीच्या माथ्यावर ठेवलं. सगळी जाळी झाकली गेली.

"हात लावू नकोस," मामा म्हणाला. "आजच्या दिवशी तरी नको."

"मामा, तू त्याला शहाणं केलंस, पण नाक दाबून," रुइलिन म्हणाली आणि तिने पाकीट उचलून बाजूला ठेवलं.

पाण्याच्या संचावर यंत्र नीट चाललं. आकडा उतरला. मामाने हुश्श केलं आणि म्हणाला, आता कशालाही हात लावू नको, असंच घेऊन जाऊ. पण रुइलिनने स्क्रू ड्रायव्हर उचलला. म्हाताऱ्याची परीक्षा आपण जाळी बंद ठेवून घेतली, ती मोजायची नाही, असं तिचं म्हणणं. पुन्हा तासभर चाचणी म्हणजे घड्याळाशी खेळ होता. मी बंद पडलो असतो, तर पाण्याचा संच परत बसवायलाही वेळ उरला नसता.

तिने मला बसवलं. मी आयुष्यात इतक्या भीतीने कधी फिरलो नव्हतो. आकडा चढला, थांबला, थोडा थरथरला. पण या वेळी गरम हवा वर निघून जात होती. तास संपला तेव्हा यंत्र चालूच होतं.

"तरी पाणी सहा अंशांनी थंड आहे," मामा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"आहे ना. पण नळी ठिबकली तर मला उशिरा कळेल. स्कूटरवरून धक्के खात न्यायचंय. हा थांबला तर कानाला लगेच कळतं." स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत ती म्हणाली, "आज हाच."

मित्रांनो, कुणी कामात मागे पडलं तर त्याला म्हातारा ठरवण्याआधी, त्याची वाट कुणी अडवलीय का ते बघा. आणि आमच्यावरची धूळ अधूनमधून झाडत जा. आम्हाला ते सांगता येत नाही.

खाली मामाने स्कूटर सुरू केली होती. आई जिन्यातून दुसऱ्यांदा हाका मारत होती. रुइलिनने "आलेच" म्हणून उत्तर दिलं, खुर्चीवर गुडघे टेकले आणि रंगाचा मऊ ब्रश घेऊन माझ्या पात्यांमधली कित्येक वर्षांची धूळ एकेका फटीतून काढू लागली.