सिताबाईचं दुखणं कोणी सांगायचं?

सिताबाई दवाखान्यात गेली की उत्तरं भागवत द्यायचा. घरची रीतच तशी. बाईला ताप कधीपासून येतोय, हेसुद्धा नवऱ्यानंच सांगायचं!

नळदुर्गच्या दातांच्या दवाखान्यातही तेच झालं. लेकीची, वर्षाराणीची सोयरीक जुळत होती. विहिणीपुढं बोळकं दिसायला नको, म्हणून भागवतनं बायकोला पक्के दात बसवायला आणलं होतं. जबड्याच्या हाडात खिळा रोवून त्यावर दात बसवायचे होते.

"हाडांच्या ठिसूळपणावर काही औषध, इंजेक्शन घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

ते इंजेक्शन सिताबाई सोलापुरात दरवर्षी घेत होती. ती बोलणार तोच भागवत म्हणाला, "तिला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय!" डॉक्टर मुलाकडच्यांच्या नात्यातले. आईची हाडं ठिसूळ, म्हणजे मुलीचीही तशीच, असा बोभाटा झाला असता. लेकीसाठी सिताबाई गप्प बसली.

दात बसले. काही महिन्यांत हिरडी सुजली, पू येऊ लागला, खिळा हलायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जबड्याचं हाड मेलंय, तेवढा भाग काढावा लागेल. या इंजेक्शनावर हाडात खिळा रोवला की क्वचित होतं असं. आधी कुणी सांगितलं नाही?"

भागवत पुटपुटला, "त्या नळदुर्गच्या दाताच्या डॉक्टरनं मला आदीच भाईर नेऊन सांगितलं व्हतं. म्या म्हनलं, काय हुतंय."

ज्याच्या भरवशावर जन्म काढला, त्यानं तिचा जबडा जाऊ दिला होता. हाड काढलं तेव्हाही तिला इतकं दुखलं नाही.

सुपारी फोडायला पाहुणे आले. सिताबाईचा एक गाल पार आत गेला होता. वर्षाराणी आत येऊन म्हणाली, "आई, पावणे जाईस्तोर तोंडावर पदर घे. पप्पा दात बसवायच्या आदीच म्हनले व्हते मला, डॉक्टर काय बोलले ते. पर माजं लगीन..."

"म्हंजी तुलाबी ठावं व्हतं?"

पोरीनं मान खाली घातली. जिच्यासाठी तोंड मिटलं, तीही त्यातलीच निघाली. सिताबाई उठली आणि उघड्या तोंडानंच बैठकीत गेली.

"पावणं, माजी हाडं ठिसूळ हायती. ते लपवलं म्हनून जबडा सडला," ती अडखळत बोलली. "उद्या दवाखान्यात माज्या लेकीला काय इचारलं, तर तीच बोलंल. कबूल आसंल तरच सुपारी फोडा."

भागवत घाईघाईनं पुढं सरकला, "तसं काय न्हाय, तिला..."

"तुमी थांबा," सिताबाई म्हणाली. "तुमचं बोलून झालंय."