हवेतली काठी

अल्बम फोनमध्ये येऊन पडला होता आणि मिस्त्री त्याच्या वाटेला जात नव्हता. धाकटी बहीण रोज विचारायची, "दादा, ऐकलास का?" आणि तो रोज नवं कारण काढायचा. कधी कपाटाची ऑर्डर, कधी डोकेदुखी, कधी म्हणे हेडफोन सापडत नाही. हेडफोन त्याच्या नाकासमोर खिळ्याला लटकत होता. शेवटी आज सकाळी तिने निर्वाणीचा निरोप धाडला: "संध्याकाळी अल्बम बाहेर काढायचाय. तू ऐकल्याशिवाय मी काढू देणार नाही. बाकीचे माझ्यावर चिडलेत. काय ते बघ."

आता सुटका नव्हती.

हा हार्ड रॉकचा बँड मुळात या दोघा भावंडांचा. गिटार त्याची, ड्रम्स तिचे आणि तालमीला हीच सुतारकामाची शेड. मग रंध्याच्या यंत्राने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी केली. उरलेली बोटं लाकडाला पुरली, गिटारला पुरेनात. त्याच्या जागी जाड चष्म्याची एक मुलगी आली, आणि तिला घ्यायला धाकटीला त्यानेच भरीला घातलं होतं. अगदी मोठ्या मनाने. ते मोठं मन पुढे त्याला एकट्यालाच वागवावं लागलं.

अल्बम वाईट निघाला तर धाकटीचं कसं होणार, ही भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती आणि ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. चांगला निघाला तर? मग आपल्यावाचून कुणाचं काहीच अडलं नव्हतं, असाच अर्थ झाला की!

दुपारी त्याने यंत्रं बंद केली, हेडफोन चढवला आणि फळ्यांच्या ढिगावर बसला. कोपऱ्यात पॉलिशवाला खुर्चीचा पाय घासत होता.

"मिस्त्री, बरं वाटत नाही का?"

"गाणी ऐकतोय."

"मग तोंड असं का, दात उपटून घ्यायला बसल्यासारखं?"

मिस्त्रीने पहिलं गाणं लावलं. दुसऱ्या सुताराचं कपाट बघायला गेला की तो आधी त्याची मागची बाजू बघायचा. तसाच आता खोट काढायच्या तयारीने बसला होता. पण गिटार सुरू झाली आणि त्याची पाठ ताठ झाली. खरखरीत, जाडाभरडा, छातीत घुमणारा आवाज. आणि एवढ्या गोंगाटातही एकेक सूर मोजून घ्यावा इतका स्वच्छ. दुसऱ्या गाण्यात तर त्या पोरीने मधेच हात आखडता घेतला, बास गिटारला एकटीला चालू दिलं आणि गाणाऱ्याचा बसका आवाज संपता संपता अशी काही कोसळली की मिस्त्री मोठ्याने "च्यायला!" म्हणाला. पॉलिशवाल्याच्या हातातून घासायचा कागद पडला.

आणि धाकटी! सरसाचे रिकामे डबे बडवून आईच्या शिव्या खाणारी ती कार्टी हीच का? दोन्ही पाय धावताहेत, झांजा पेटल्यात, तरी ताल तसूभर हलत नाही. त्याला तिचा प्रचंड अभिमान वाटला. पण कपाटाला खोट नव्हती. आपल्यावाचून खरंच कुणाचं अडलं नव्हतं.

मग चौथं गाणं लागलं. तो गेल्यानंतर बांधलेलं, त्याने कधीच न वाजवलेलं. ड्रम्स चढत चढत गेले आणि एकदम थांबले. काहीच नाही. एक श्वासभर शांतता. मग सगळी वाद्यं एकदम अंगावर आली.

मिस्त्रीने खाली पाहिलं. त्याचा पाय भुशावरून आपोआप डावीकडे सरकला होता.

त्याने गाणं मागे नेलं. पुन्हा तेच. गिटारचा आवाज वाढवायचं डावीकडचं पेडल त्याला कधीच पहिल्या फटक्यात सापडत नसे. बँडमधले बोंबलायचे, पण धाकटी हसत काठी हवेत धरून त्याच्या पायाकडे बघत राहायची. तो "सापडलं!" म्हणून ओरडला की मग ती काठी खाली यायची. पाचव्या गाण्यातही ती शांतता होती. सहाव्यातही. त्याने फोन लावला.

"ऐकला," तो म्हणाला. "ती चष्मेवाली माझ्याहून चांगली वाजवते. आणि तू... तू इतकी मोठी कधी झालीस गं?"

"दादा, रडवू नकोस, सगळे इथेच बसलेत. चुकलंय का कुठे?"

"चौथ्यात तू थांबतेस. जोरात यायच्या आधी. पुढच्यांतही."

"मी? कुठे थांबते?" ती खरंच गोंधळली.

मागून चष्मेवालीचा आवाज आला. "बघ! मी कधीची सांगतेय! दर गाण्यात मला लटकवून ठेवते ही!"

"ती उगीच कटकट करते रे. तिथे थांबायचंच असतं ना, पाय पेडलवर जाईपर्यंत..." धाकटीचं बोलणं मधेच तुटलं.

पॉलिशवाल्याने घासणं थांबवलं होतं.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "काढून टाकू का ते थांबणं?"

मिस्त्रीने भुशात पाय घट्ट रोवला.

"सापडलं!" तो ओरडला. "वाजव आता."