खळग्यातले खिळे

सुनेच्या कामाच्या खोलीचे छत गळत होते, आणि ते छत सुनेच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घातलेले होते. तिच्या सासूपुढची, पत्रेवाल्या बाईंपुढची अडचण एवढीच होती. छपरांच्या गळत्या शोधणे हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पण व्याह्यांच्या कामात खोट काढणे हा विहिणीचा धंदा समजला जातो, आणि या दोहोंत फरक आहे हे कुणाला पटेल, असा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.

व्याही सुतार. त्यांनी केलेले एकही कपाट आजवर कुरकुरले नव्हते. लेक वह्या बांधते, तिला कागद ठेवायला जागा हवी, म्हणून त्यांनी घरामागे ही खोली उभारून दिली. कागदाच्या गठ्ठ्यावर पहिला थेंब पडला तेव्हा त्यांनी थेंबाच्या नेमक्या वरच्या खिळ्याला डांबर फासले. दुसऱ्या पावसानंतर पुन्हा फासले. तिसऱ्यानंतर रविवारचे लेकीकडे येणेच सोडले. त्याला महिना झाला. रविवारी दार वाजले की सर्वांआधी सूनच उठे.

म्हणून बाईंनी स्वतःच निरोप पाठवला : शिडी धरायला माणूस हवा आहे.

व्याही आले. शिडीला हात न लावता तिच्याकडे पाहत म्हणाले, "शिडी भक्कम आहे, विहीणबाई. मला कशाला बोलावलंत ते सांगा."

"वर या, मग कळेल. मी सांगितलं तर टोमणा होईल."

पाण्याची नळी घेऊन दोघे छपरावर गेले. सून खाली खोलीत उभी राहिली. बाईंनी पाणी सर्वांत खालच्या कडेपासून सोडायला सुरुवात केली.

"थेंब पडतो तो वर, तिकडे," व्याह्यांनी बोट दाखवले.

"वरून सोडलं तर पाणी सगळ्याच खिळ्यांवरून जाईल. मग चोर कोण, हे कसं कळणार?"

खालच्या ओळीवर पाच मिनिटे. "कोरडं," खालून आवाज आला. दुसऱ्या ओळीवर पाच मिनिटे. डांबराचे दोन थर मिरवणारा खिळा तिथेच होता. "कोरडं." व्याह्यांनी खाकरून घसा साफ केला. तिसऱ्या ओळीवर दोन मिनिटे होतात न होतात तोच सून म्हणाली, "आई, आलं. नेहमीच्याच जागी."

पाणी तिसऱ्या ओळीतल्या खिळ्याशी आत शिरत होते, पत्र्याच्या पोटाला चिकटून उताराने खालच्या वाशापर्यंत येत होते आणि तिथे अडून गळत होते. डांबर निर्दोष खिळ्याला लागले होते.

"हा खिळा मी पक्का ठोकलाय," व्याही म्हणाले. "हलणार नाही."

"काढून बघा ना. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्यांनी तो उपटला. भोक लांबट झाले होते आणि कडेने गंज धरला होता. बाईंनी पत्र्यावरून हात फिरवला. पन्हळी पत्र्याचा प्रत्येक खिळा खळग्यात होता, उंचवट्यावर एकही नव्हता. पाणी वाहते ते खळग्यातून. पत्रेवाल्याकडचा नवखा माणूसही ही चूक करत नाही. ती करायला कसलेला सुतारच हवा.

"खळग्यात पत्रा वाशाला टेकतो," व्याही हळू आवाजात म्हणाले. "उंचवट्यावर ठोकायचं म्हणजे खाली पोकळी. लाकडाला न टेकणारा सांधा मी जन्मात केला नाही. तुमचा पत्रा दबत नाही?"

प्रश्न अचूक होता. नाही म्हणणे सोपे होते आणि उतरून चहा घेता आला असता.

"दबतो," बाई म्हणाल्या. "स्क्रू जरा जास्त आवळला की खड्डा पडतो, मग रबरी वायसर नीट बसत नाही. तीस वर्षं मी कामगारांच्या हाताला दोष देत आले."

"हाताचा काय दोष? खाली आधारच नाही." व्याह्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पत्र्याच्या कडेशी उंचवट्याखाली बोट घालून पोकळी मोजली आणि वाशाच्या टोकावर एक अर्धगोल काढला. "इथं या आकाराचा लाकडी ठोकळा बसवायचा. वर पत्रा, मग वायसर, मग स्क्रू. आवळा हवं तेवढं. किती लागतील?"

"चौसष्ट. आणि जुन्या भोकांवर मी ठिगळं लावते."

"रविवारी घेऊन येतो."

बाईंनी घाईने नळी गुंडाळायला घेतली. सून एव्हाना शिडीच्या पायथ्याशी येऊन उभी होती. तिने वर पाहिले.

"बाबा, जेवून जाणार ना?"

"सासूबाईंना विचार, अजून किती चुका काढायच्या राहिल्यात."

"बऱ्याच आहेत," बाई म्हणाल्या. "जेवण झाल्यावर काढू."

व्याही शिडी उतरू लागले. या खेपेला ती खाली लेकीने धरली होती.